कापूस संविधानात नावानिशी लिहिला आहे : विदर्भातील खासदारांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातून लोकसभेत निवडून गेलेले दहाही खासदार, आणि राज्यसभेतील आपले सहकारी

सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते. माझे वडील सात एकर कोरडवाहू शेती करतात. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तिच्यात तुरीच्या ओळी, हेच आमच्या वावरातले पीक. माझ्या शिक्षणाची फी, वसतिगृहाचा खर्च, पहिला काळा कोट, सगळे कापसाच्या चुकाऱ्यातून, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशातून आले. त्यामुळे या पत्रात कायदा आणि कापूस दोन्ही येतील. मला ते वेगळे काढता येत नाहीत.

हे पत्र लिहायला कारण झाले एक वाक्य. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका सभेत कापसाच्या भावाचा विषय निघाला. हमीभावाला कायद्याचा आधार द्या, एवढीच मागणी होती. व्यासपीठावरून उत्तर आले, "शेती हा राज्याचा विषय आहे. संसदेला त्यात हात घालता येत नाही." लोक गप्प बसले. संविधानाचे नाव निघाले की आमच्याकडे माणूस मान खाली घालतो. ते बाबासाहेबांनी लिहिलेले आहे, त्यात असेल तर असेलच. थोड्याच दिवसांनी राज्याच्या एका प्रतिनिधीला तोच प्रश्न विचारला, तर ते म्हणाले, "हमीभाव केंद्राचा विषय आहे." त्या रात्री मी संविधानाची सातवी अनुसूची, म्हणजे कायदे करण्याचे विषय केंद्र आणि राज्यांत वाटून देणाऱ्या सूच्या, पुन्हा वाचायला घेतली. जे सापडले ते तुमच्यापुढे आणि माझ्या गावकऱ्यांपुढे एकदमच ठेवते आहे.

आधी नोव्हेंबर २०२५ मधला आमच्या घरचा एक दिवस सांगते. बाबांनी चौदा क्विंटल कापूस मेटाडोरमध्ये भरून खरेदी केंद्रावर नेला. त्या वर्षीचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता, तरी बाबांनी कापूस ओसरीत पसरून वाळवला होता. निघायच्या आधी त्यांनी एक सरकी दाताखाली धरली. कट् असा आवाज झाला, म्हणजे कापूस वाळला होता, तेव्हाच गाडी भरायला घेतली. केंद्रावर ओलावा मोजायचे यंत्र ढिगात खुपसले गेले आणि आकडा आला १४. नियम ८ टक्क्यांचा, कपात करून फार तर १२ पर्यंत घेतात. "वाळवून आणा." कुठे वाळवायचा? परतीचे भाडे कोण देणार? बाबांनी दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजायला सांगितले, पण मागे गाड्यांची रांग होती. फाटकाबाहेर व्यापारी उभाच होता. ६,९०० ने सौदा झाला. मध्यम धाग्याचा भाव धरला तरी क्विंटलमागे ८१० रुपये, म्हणजे चौदा क्विंटलला ११,३४० रुपये गेले. बाबांनी नोटा गाडीच्या बॉनेटवर ठेवून दोनदा मोजल्या आणि मला एवढेच म्हणाले, "ओलं आहे म्हन्ते पोरी. सरकी तं फुटली होती."

आता संविधानाकडे येते.

राज्य सूचीतली १४ वी नोंद 'शेती' आहे, हे खरे. सभेतले उत्तर तिथेच थांबले. पण समवर्ती सूचीतली ३३ वी नोंद उघडा. ज्या वस्तूंचा व्यापार, उत्पादन, पुरवठा आणि वाटप यांवर संसद आणि विधिमंडळ दोघांनाही कायदा करता येतो, त्या वस्तूंची ती यादी आहे. तिच्यात खाद्यपदार्थ आहेत, गुरांचा चारा आहे, ताग आहे, आणि कच्चा कापूस आहे, सरकी काढलेला असो वा न काढलेला, शिवाय सरकीसुद्धा. बाबांनी दाताखाली फोडलेली सरकी संविधानात नावानिशी नोंदवलेली आहे. तिच्या पुढची ३४ वी नोंद तर दोनच शब्दांची आहे : किंमत नियंत्रण.

हे तिथे कसे आले, तेही ऐका. मूळ संविधानात ही नोंद इतकी रुंद नव्हती. अनुच्छेद ३६९ ने संसदेला अशा काही वस्तूंबाबत फक्त पाच वर्षांसाठी अधिकार दिला होता. त्या इंग्रजी मजकुरात घटनाकारांनी सरकीसकट कापसासाठी आपलाच शब्द वापरला आहे, 'कपास'. पाच वर्षांची मुदत जानेवारी १९५५ मध्ये संपत आली, तेव्हा संसदेने तिसरी घटनादुरुस्ती करून ३३ वी नोंद रुंद केली आणि तात्पुरता अधिकार कायमचा करून घेतला. त्याच वर्षी अशा वस्तूंचा पुरवठा आणि किंमत यांवर नियंत्रण ठेवणारा अत्यावश्यक वस्तू कायदा आला. म्हणजे संसदेला कापसावर कायदा करता येत नाही हे म्हणणे सत्तर वर्षे जुने झाले आहे.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, नोंदीत कापूस आहे, पण 'किमान हमीभाव' हे शब्द कुठे आहेत? खरेदी केंद्र, काटा, ओलाव्याची तपासणी, चुकाऱ्याची मुदत, हे कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. इतर लिखित संविधानांपुढेही तो आला. अमेरिकेत १८१९ मध्ये आला, कारण त्यांच्या संविधानात बँक हा शब्द नव्हता आणि संसदेने बँक काढली होती. तिथे 'आवश्यक आणि उचित' कायदे करण्याचे कलम लिहिलेलेच होते. त्याच्या आधारे न्यायालयाने बँक वैध ठरवली. आपल्याकडे तसे कलम नाही. आपल्याकडे हा प्रश्न सुटला तो एका शेतकऱ्यांच्या खटल्यात, आणि तो खटला विदर्भातल्या प्रत्येक खासदाराने वाचलेला असावा असे मला मनापासून वाटते.

१९३१ च्या सुमारास शेतमालाचे भाव कोसळले. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, कुळांना खंड भरणे अशक्य झाले, तेव्हा सरकारने खंडात सूट दिली. पुढे उच्च न्यायालयाने सांगितले की नुसत्या सरकारी हुकमाने अशी सूट देता येत नाही. मग प्रांतिक विधिमंडळाने १९३८ मध्ये कायदा करून ती सूट नियमित केली. त्यावर जमीनदार पक्षाचा युक्तिवाद असा होता की ब्रिटिश काळातल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातल्या सूचीत 'खंडाची वसुली' हे शब्द आहेत, 'खंडाची माफी' हे शब्द नाहीत. १९४० मध्ये अतिका बेगम खटल्यात तेव्हाच्या फेडरल कोर्टाने, सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश असताना, हा युक्तिवाद फेटाळला. सूचीतला प्रत्येक शब्द रुंद अर्थाने वाचायचा. त्याच्या पोटात रास्तपणे येणारे सगळे पूरक आणि आनुषंगिक विषय त्या अधिकारात आलेच, असे सूत्र कोर्टाने घालून दिले. आजही आमच्या न्यायालयांत सूचीचा वाद निघाला की हेच सूत्र पुढे येते. भाव पडल्यावर शेतकऱ्याला दिलेली सूट टिकावी म्हणून जे तत्त्व या देशात रुजले, तेच बाजूला ठेवून आज शेतकऱ्याला 'अधिकार नाही' सांगितले जाते, हे मला सहन होत नाही.

आमच्या आजीला हे सूत्र न शिकता ठाऊक होते. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. बंडीच्या आखाजवळ वंगणाचा नळा लटकत असे. बंडी शेगावला गेली की नळाही शेगावला पोचायचा, त्याचे वेगळे तिकीट लागत नसे. कापसाचा व्यापार आणि किंमत हा गाडा संसदेच्या हाती दिलेला आहे. काटा, ओलावा, केंद्रांची संख्या, चुकाऱ्याचे दिवस, उशिराचे व्याज, भावाखाली खरेदी केल्यास दंड, हे सगळे नळे आहेत.

हे नुसते पुस्तकातले नाही. उसाकडे पाहा. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली निघाला. त्याच्या आधाराने केंद्र दरवर्षी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर ठरवते, जो कारखान्याला द्यावाच लागतो. चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. 'चौदा दिवस' आणि 'पंधरा टक्के' हे शब्द संविधानात कुठेही नाहीत, तरी त्यांना कुणी घटनाबाह्य म्हणत नाही. ऊस उत्पादकाच्या ताटातले काही काढा असे मी म्हणत नाही, त्यालाही व्याजासाठी आंदोलन करावेच लागते. पण ३३ व्या नोंदीत ऊस खाद्यपदार्थाच्या आडून येतो आणि कापूस स्वतःच्या नावाने उभा आहे. तरी भाव देणे बंधनकारक झाले ते उसाला.

आणि सरकीकडे पाहा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला, त्याच अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली. तेव्हापासून बीटी कापूस बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत दरवर्षी दिल्लीहून ठरते; २०२५ च्या खरिपाला ती ९०१ रुपये होती. या आदेशाचा आम्हाला फायदाच झाला, ते मी नाकारत नाही. पण जूनमध्ये वावरात टाकायच्या सरकीची किंमत कायद्याने बांधता येते आणि नोव्हेंबरात त्याच झाडावरून वेचलेल्या कापसाची येत नाही, हे मी बाबांना कोणत्या कायद्यातून समजावून सांगू?

आता माझी गाऱ्हाणी.

सगळ्यात मोठे हेच, की संसदेचा अधिकार गरजेप्रमाणे लांब आणि आखूड होतो. ५ जून २०२० ला टाळेबंदीत तीन कृषी अध्यादेश निघाले तेव्हा शेती राज्याचा विषय आहे हे दिल्लीत कुणाला आठवले नाही. तेव्हा आधार सांगितला गेला तो याच ३३ व्या नोंदीचा. बाजार समितीच्या आवाराबाहेर कुणीही खरेदी करावी आणि राज्याने त्यावर शुल्क घेऊ नये, इथपर्यंत तो ताणला गेला. वास्तविक 'बाजार आणि जत्रा' ही राज्य सूचीतली २८ वी नोंद आहे. तंबाखूच्या खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी बहुमताने सांगितले होते की संसदेने उद्योग आपल्या नियंत्रणात घेतला म्हणून त्याच्या कच्च्या मालाचा बाजार आपोआप राज्याच्या हातून जात नाही. नळा गाड्याला बांधलेला असावा लागतो. तो ओढून दुसऱ्याच्या बंडीला जोडता येत नाही. त्या कायद्यांतल्या काही तरतुदी चांगल्या होत्या असे आमच्याकडेही अनेक शेतकरी म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. पण आज तुम्ही 'अधिकार नाही' म्हणता, तर त्या दिवशी तो कुठून आला होता?

दुसरे गाऱ्हाणे सभागृहाचे आहे. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत त्यातली दोन विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. मतविभागणीची, म्हणजे मते मोजण्याची, मागणी होत होती. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती दिली. २९ नोव्हेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी, चर्चेविना, ते मागे घेतले. संसदेला हा अधिकार होता की नव्हता, आणि असला तर किती, हा प्रश्न कायदा करताना नीट चर्चिला गेला नाही आणि मागे घेताना तर मुळीच नाही. न्यायालयातही तो निकाली निघाला नाही. लिखित संविधानात न लिहिलेला अधिकार वापरायचा असेल, तर तो का आणि कुठपर्यंत, हे बोलून दाखवणे हेच सभागृहाचे काम आहे. तुम्ही आमच्या वतीने तिथे बसता.

तिसरे. १९ ऑगस्ट २०२५ पासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. ऑगस्टमध्ये आमच्या पऱ्हाटीला पात्या आणि फुले असतात, डिसेंबरपर्यंत निम्म्याहून अधिक वेचणी होऊन जाते. म्हणजे आमचा कापूस बाजारात यायचा नेमका तोच काळ. कापड उद्योगाला अडचण होती, हे मला मान्य आहे, सूत गिरण्यांत आमचीच मुले कामाला आहेत. परंतु हा निर्णय झाला तो सीमाशुल्क कायद्याने सरकारला दिलेल्या सवलतीच्या अधिकारातून, एका अधिसूचनेने. संसदेचा अधिकार संसदेत मतदान न होता वापरला गेला. तेव्हा कुणी म्हटले नाही की शेती राज्याचा विषय आहे, कापसाचा भाव पडेल असे काही करण्याआधी राज्याला विचारा.

चौथे लहान आहे, पण बोचते. वने आणि वन्यप्राणी १९७६ पर्यंत राज्य सूचीत होते. बेचाळिसाव्या दुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले. रात्री तुरीत शिरणाऱ्या रानडुकराबद्दल संसदेला अधिकार हवासा वाटला, तर तो तिने सूची बदलून घेतला. कापसासाठी सूची बदलायचीही गरज नाही.

माझ्या मागणीतली अडचण मला कळत नाही असे समजू नका. नुसता कायद्याने भाव बांधला आणि खाली खरेदी करणाऱ्याला तुरुंग दाखवला, तर व्यापारी खरेदीच थांबवेल आणि कापूस घरात पिवळा पडेल. महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून पुढच्या वर्षापासून एकाधिकार खरेदी चालवली, म्हणजे राज्यातला कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा. बाबा अजूनही बंड्यांच्या रांगांच्या आणि थकलेल्या चुकाऱ्यांच्या गोष्टी सांगतात. बाहेर भाव चढला की कापूस रातोरात पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडे जायचा, आणि बाहेर पडला की सगळा केंद्रावर यायचा. एका राज्याच्या कायद्याला पैनगंगा ओलांडता येत नाही. किंमत नियंत्रण आणि कापूस समवर्ती सूचीत ठेवण्यामागचे कारण मला तरी यातच दिसते. जे काम एकट्या राज्याला पेलवत नाही ते संसदेने करायचे. भाव पडला तर फरक कुणी भरायचा, सरकारने किती कापूस घ्यायचा, गिरण्यांवर किती बोजा टाकायचा, यावर मतभेद होतील. ते सभागृहात होऊ द्या. नुसता कापूस पुन्हा अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत टाकून मोकळे होऊ नका, कारण ती यादी बहुधा साठ्यावर मर्यादा आणून भाव पाडायलाच वापरली जाते. आम्हाला वेगळा कायदा हवा आहे.

म्हणून मागते ते स्पष्ट मागते.

'शेती राज्याचा विषय आहे' हे उत्तर कापसाच्या भावाच्या प्रश्नाला यापुढे देऊ नका. कायदा करायची इच्छा नसेल, किंवा पैसा नसेल, तर तसे सांगा. आम्ही त्यावर वाद घालू. पण तुमच्या अनिच्छेचा भार संविधानावर टाकू नका.

समवर्ती सूचीच्या ३३ व ३४ व्या नोंदींखाली कच्च्या कापसाच्या किमान भावाचे विधेयक सरकारने आणावे, असा आग्रह दहाही जणांनी पक्ष बाजूला ठेवून धरावा. त्यात भावाइतकेच स्पष्टपणे हेही असावे : ओलाव्याची तपासणी शेतकऱ्यासमोर आणि त्याने मागितल्यास दुसऱ्यांदा, नापास मालाची लेखी पावती, चुकारा ठरल्या दिवसांत, आणि उशीर झाल्यास उसाला आहे तसे व्याज. सरकार आणत नसेल तर तुम्ही खासगी विधेयक मांडा. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, हे मला माहीत आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खासदाराने हमीभावाचे विधेयक लोकसभेत मांडले होते, त्याचेही पुढे काही झाले नाही. तरी मांडा. निदान त्यानिमित्ताने अधिकार आहे की नाही यावर कायदामंत्र्यांना उभे राहून बोलावे लागेल.

प्रत्येक विधेयकाच्या उद्देश-निवेदनात ते संविधानाच्या कोणत्या अनुच्छेदाखाली आणि कोणत्या नोंदीखाली आणले आहे ते छापले जावे, आणि आनुषंगिक अधिकाराचा आधार घेतला असेल तर तो कुठल्या मूळ अधिकाराला जोडलेला आहे हेही. शेती, बाजार आणि शेतकऱ्यांचे कर्ज या राज्य सूचीतल्या नोंदींना स्पर्श होत असेल तर राज्यांचे लेखी मत सोबत जोडावे.

आणि पेरणीपासून वेचणी संपेपर्यंत कापसाच्या आयात शुल्काला हात लावायचा असेल, तर त्यावर सभागृहात चर्चा मागा. अधिसूचना पटलावर ठेवली जाते. ती वाचा आणि त्या दिवशी उभे राहा.

मला लेखी उत्तर हवे आहे, मराठीत, पुढचे अधिवेशन सुरू होण्याआधी. आलेले प्रत्येक उत्तर मी आमच्या ग्रामसभेत शब्दशः वाचून दाखवीन, ते नकाराचे असले तरी. ज्यांचे उत्तर येणार नाही त्यांच्या नावापुढे 'उत्तर आले नाही' एवढेच वाचीन.

आपली,
एक कापूस उत्पादकाची मुलगी आणि तालुका न्यायालयातील वकील
जि. यवतमाळ